पाचशे रुपयांत किती ज्वाळा

आमच्या मांजरीत ‘पेंटर’ हा धंदा नव्हता, पदवी होती. मास्तर, वैद्य, पाटील यांच्यासारखी ती माणसाला कायमची चिकटायची आणि मग त्याचं मूळ नाव रेशनकार्डापुरतं उरायचं. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री जन्मभर बाबुराव पेंटरच राहिले. स्वतः कॅमेरा बनवून त्यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तरी लोकांनी त्यांच्या नावातला ब्रश काही काढून घेतला नाही. आमचे पेंटरमामा एवढे मोठे नव्हते. त्यांनी रंगवले ते तीनचाकी टेम्पो, मॅटॅडोर, उसाच्या ट्रॉल्या, एखाददुसरी राजदूतची टाकी आणि पोळ्याला बैलांची शिंगं. पण पदवी तीच होती, आणि गावातली निम्मी पोरं त्यांना मामा म्हणायची, त्यांत मीही होतो.

त्यांच्या कलेचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. ते करायला आता पुष्कळ लोक आहेत. जुन्या ट्रकच्या फळ्या कापून दिवाणखान्यात लावणारेही आहेत. मला घोळवत राहतो तो त्यांचा एक हिशेब. कमी पैशात काम घेतलं, तर नक्की काय कमी करायचं? हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवला होता. तो बरोबर सोडवला होता का, हे मला पन्नाशी उलटली तरी ठरवता आलेलं नाही.

हडपसर सोडून सोलापूर रोडनं पुढं निघालं की डावीकडं मांजरी. मुळा-मुठेच्या काठची जमीन, ऊस आणि पालेभाजी. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आमच्याच शिवारात, द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली आलं तेही आमच्याच शिवारात. ऊस थेऊरच्या यशवंत कारखान्याला जायचा आणि भाजी रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. म्हणजे गाव शेतीचं, पण चालायचं चाकांवर. २०२१ साली आम्ही पुणे महापालिकेत गेलो आणि कागदोपत्री शहरी झालो. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीची, १९९५-९६ च्या आसपासची.

त्या काळी रेल्वेचं फाटक पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागायची. दौंडकडची मालगाडी आली तर पंधरा-वीस मिनिटं सहज. लोक चिडायचे, मी खूश व्हायचो. शाळेत जाताना-येताना रांगेतल्या गाड्या वाचत जायचो. मागच्या फळीवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, कडेला कमळ, मोर, वाघाचं तोंड, आणि पुढच्या चाकापासून दरवाजावर चढत गेलेल्या ज्वाळा. कुठली गाडी मामांची आणि कुठली लोणीच्या नाहीतर हडपसरच्या पेंटरची, हे मला लांबून कळायचं. मामांच्या ज्वाळेचं शेपूट केसासारखं संपायचं. बाकीच्यांचं तोडल्यासारखं.

गाडीवर ज्वाळा काढायची रीत मूळची अमेरिकेतली, असं पुढं वाचलं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जुन्या मोटारी खटपट करून पळवणारी पोरं बॉनेटवर आग काढून घ्यायची, आणि व्हॉन डच नावाचा एक तऱ्हेवाईक रंगारी त्यात फार गाजला. मामांनी ते नाव ऐकलं असण्याचा संभव नाही. त्यांना ज्वाळा माहीत होत्या त्या देवाच्या प्रभावळीतल्या. प्रभावळीतल्या ज्वाळा वर जातात. मामा म्हणायचे, “त्याच आडव्या पाडायच्या आन् मागं वढायच्या. वारं लागल्यावानी.” एवढंच त्यांचं शास्त्र. पूर्ण कामात ते एका बाजूला सात ज्वाळा काढायचे. अग्नीला सात जिभा असतात, म्हणून त्याला सप्तजिव्ह म्हणतात, हे मी कॉलेजात वाचलं आणि मोठ्या उत्साहानं त्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, “आसंल बाबा. मॅटॅडोरच्या दाराला सातच बसत्यात.”

काम कसं चालायचं ते थोडं सांगायला हवं, कारण हिशेब त्यातच आहे. आधी पाण्यात बुडवलेल्या पॉलिशपेपरनं जागा घासायची, म्हणजे रंग धरतो. गंज दिसला तर खरवडून रेडऑक्साइड. मग खडूनं आकार. नव्या पोरांसाठी कागदाला टाचणीनं भोकं पाडून केलेला खाका असायचा. त्यावर पावडरीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपके उमटायचे. मामांना स्वतःला खाका लागत नसे. मग पिवळा इनॅमल. तो वाळायच्या आत नारिंगी आणि कडेनं लाल, ओल्यात ओलं मिळवत न्यायचं. हाच सगळा कसबाचा भाग. इनॅमल सावकाश वाळतो म्हणून ते जमतं. पण उन्हात पत्रा तापला तर पाच मिनिटांत चिकट होतो, म्हणून मामा ज्वाळा सकाळी सातला नाहीतर संध्याकाळी पाचनंतर काढायचे. शेवटी बारीक ब्रशानं काळी किंवा निळी कड. कड काढताना ते श्वास धरायचे. डबा धरून उभा असलेला मीही धरायचो.

ब्रशाचं टोक करायला ते ब्रश ओठांतून ओढायचे. त्या चमकदार पिवळ्यात शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर सरकारनं ९० पीपीएमची मर्यादा घातली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. तोवर मामांच्या ओठांतून किती पिवळा गेला असेल कोण जाणे. ब्रश खारीच्या केसांचे चांगले, मुंगसाच्या केसांचे त्याहून चांगले म्हणत. मुंगसाला कायद्याचं संरक्षण आहे आणि त्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. स्वस्त सुंदर रेघेची किंमत कोण कोण भरत होतं, याची यादी केली तर ती मामांपाशी संपत नाही.

आता भाव. दोन्ही बाजूंना सात-सात ज्वाळा, पुढं गणपती आणि मागं अक्षरं, असे हजार रुपये. हजार देणारे थोडे. बाकीचे यायचे ते पाचशेवाले.

“मामा, पाचशात बसवा की.”

“बसवतो. तीन बसत्याल.”

“वरच्या आळीच्या गाडीला सात हायेत.”

“त्यांनी हजार मोजल्यात.”

“मग जरा पातळ मारा, पण सात मारा.”

“पातळ न्हाय जमत.”

हा संवाद मी दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात इतक्यांदा ऐकला आहे की झोपेत म्हणेन. पैसे अर्धे तर ज्वाळा निम्म्याहून कमी. पण जी काढायची ती तशीच, तेवढेच हात, तोच डबा, तेच केसासारखं शेपूट. हलका रंग, टर्पेंटाईन वाढवून पातळ केलेला हात, घासण्यात चुकारपणा, यातलं काही नाही. दुसरे पेंटर पाचशेत सात काढून द्यायचे. पहिला पाऊस झाला की त्यांचा लाल गुलाबी व्हायचा.

मला लहानपणी हे थोर वाटायचं. आमच्या आप्पांना वाटत नसे. आप्पांनी एकदा ओट्यावर बसून मामांना तोंडावर सांगितलं, “पेंटर, तुम्ही काम इमानाचं करताय, कबूल. पण गरिबाच्या गाडीला तीन ज्वाळा काढून तुम्ही त्याची गरिबी गावभर मिरवताय. फाटकावर उभं राहिलं की पोरंसुद्धा मोजत्यात, हा तीनवाला, हा सातवाला. पातळ सात असते तर निदान चार महिने तरी त्याला कुणी वळखलं नसतं.”

मामांनी तंबाखू मळली आणि उत्तर दिलं नाही. मला वाटतं त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी तेव्हा एक होतं, की तीन ज्वाळांची गाडी जास्त देखणी दिसते, भोवती जागा सुटते, आग मोकळी पळते. ते खरंही आहे. पण टेम्पोवाला देखणेपण मागायला आलाच नव्हता. त्याला शेजाऱ्याच्या बरोबरीला उभं राहायचं होतं. त्याला हवं होतं ते सोडून आपल्याला चांगलं वाटतं ते देणं, हा इमानदारीतलाच एक उर्मटपणा आहे असं आता मला वाटतं.

एक-दोन वर्षांत रेडियमवाले आले. हडपसरला दुकानं झाली, कटरनं कापलेल्या ज्वाळा, दीडशे रुपयांत दोन्ही बाजूंना सात, अर्ध्या तासात गाडी मोकळी. कडा सुटायच्या, खाली धूळ जाऊन काळी रेघ धरायची. पण सगळ्यांना सात. आप्पांचा मुद्दा त्या दुकानांनी सोडवून टाकला, आणि मामांचा धंदा निम्मा झाला. यावर हळहळणारे लेख पुष्कळ निघतात. मला एवढंच म्हणायचं आहे की फाटकावरची ती मोजणी त्या साली थांबली.

गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत रस्किनचं पुस्तक वाचलं, आणि वकिलाच्या कामाचं मोल न्हाव्याच्या कामाइतकंच, असा बोध त्यातून घेतला. मोठी गोष्ट आहे. पण आमच्यासारख्यांची अडचण वकील आणि न्हावी यांच्यात नसते, ती दोन न्हाव्यांत असते. एक दहा रुपयांत दाढी करतो आणि पाते बदलत नाही. दुसरा पाते बदलतो म्हणून पंधरा मागतो. ज्याच्या खिशात दहाच आहेत त्यानं काय करावं? मामांचं उत्तर होतं, अर्धी दाढी करून देतो, पण नव्या पात्यानं. ऐकायला विनोदी लागतं. ज्वाळांच्या बाबतीत ते चाललं, कारण तीन ज्वाळांनीही गाडी पूर्ण होते.

इथपर्यंत प्रश्न रंगाचा होता. पुढं तो रंगाच्या खाली गेला.

पालेभाजी वाहणाऱ्या गाडीचा पत्रा लवकर जातो. मेथी-कोथिंबीर पाणी मारून भरतात. ते पाणी फटीतून खाली उतरतं आणि दरवाजाच्या तळाशी, केबिनच्या फ्लोअरला साचतं. त्यात कधी युरियाची पोती वाहिली असतील तर बघायलाच नको. वरून गाडी धडधाकट दिसते आणि आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. त्यावर पुट्टी भरली, घासली आणि रंग मारला की सहा महिने काही कळत नाही. गंज आत खातच राहतो. मामा म्हणायचे, “खरजेवर पावडर मारल्यावानी हाय ते.” व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंगला जाताना रंग काढावाच लागायचा, म्हणून ‘पासिंगचा रंग’ असा एक प्रकारच होता, ढापलेल्या गोष्टी त्यात खपून जायच्या.

तर एक जुनी मॅटॅडोर आली. मालक ओळखीचा, मामांचं वर्षाकाठी चार-पाच गाड्यांचं काम देणारा. त्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी विकायची होती. दोन्ही दरवाजांचा तळ गेलेला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्यानं दाबला तर वाकत होता. तो म्हणाला, पुट्टी भरा, वरून खालपर्यंत ज्वाळा मारा, दोन हजार देतो. ज्वाळा खालपर्यंत मारायला सांगितल्या त्याचं कारण उघड होतं. एवढ्या रंगात माणूस पत्रा बघत नाही.

मामांनी जरा वेळ लावला. मग म्हणाले, “ज्वाळा मारतो. पण गंजाच्या वरनं चालू करतो. खालचं खरवडून रेडऑक्साइड लावून उघडं ठिवतो. हजारच द्या.”

“उघडं ठेवायचं तर तुमच्याकडं कशाला येऊ?”

तो गाडी घेऊन गेला. आठ दिवसांनी ती फाटकावर दिसली, दुसऱ्या कुणाच्या तरी हातच्या चौदा ज्वाळा, अगदी खालच्या कडेपर्यंत. आत एक पंचविशीतला पोरगा बसला होता, नदीपलीकडच्या मांजरी खुर्दचा. झेंडूची माळ अजून ताजी होती. मामा आणि मी रांगेच्या कडेनं चालत होतो. मामांनी गाडी पाहिली. पोरानं ओळखीनं हात केला. मामांनीही केला, आणि आम्ही पुढं गेलो.

पुढचं घडलं ते पावसाळ्यात. अपघात वगैरे काही झाला नाही, हे आधीच सांगतो. पुट्टीचे फुगे आले, मग पोपडे निघाले, मग एक दरवाजा बिजागरीपासून लोंबला आणि फ्लोअरला पाय जाईल एवढं भोक पडलं. वेल्डिंग आणि पत्र्यावर त्या पोराची हंगामाची कमाई गेली आणि गाडी महिनाभर उभी राहिली. त्याला कुणीतरी सांगितलं की ही गाडी आधी पेंटरमामांकडं गेली होती. तो आला. भांडायला नव्हता आला. उभ्या उभ्याच म्हणाला, “मामा, तुम्ही रंग मारला न्हाय हे कळलं. बरं वाटलं. पण तुम्हाला ठावं होतं. फाटकावर मला बघितलंत तवा हात केलात. तवाच एक शब्द का न्हाय बोललात?”

मामा म्हणाले, “एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं बाबा.”

“मी कुठं तुमचं गिऱ्हाईक हुतो? मी तर नुसता माणूस हुतो.”

हे वाक्य मला विसरता आलेलं नाही. मामांचं समर्थन मी अनेक अंगांनी करून पाहिलं आहे. व्यवहार आधीच झाला होता, पैसे दिले गेले होते. सांगितलं असतं तर भांडण लागलं असतं, गाडी परत घेतली गेली असतीच असं नाही. आणि गावात अशा गोष्टी सगळेच गिळतात. आमच्या भागात टोमॅटोच्या क्रेटला वरचा थर लाल आणि निबर लावायचा आणि किडके खाली, हे कुणी पाप समजत नव्हतं, व्यापारी तळापर्यंत हात घालून बघतोच म्हणायचे. पण व्यापाऱ्याला हात घालायचं कळतं. त्या पोराला कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो माणूस तीन हातांवरून चालला होता.

अडचण अशी की मामांनी काहीच सोडलं नव्हतं असं नाही. दोन हजार सोडले होते. त्या काळी त्यांच्या घरचा ते महिन्याचा किराणा आणि वर काही. शिवाय ते गिऱ्हाईक तुटायची बरीच शक्यता होती. म्हणजे आपल्या हातानं खोटं न करण्याची किंमत त्यांनी रोख मोजली. दुसऱ्याचं खोटं उघडं करण्याची किंमत त्याहून मोठी होती. त्या मालकाचे भाऊबंद, त्यांच्या ट्रॉल्या, सोसायटीत वजन. ती मोजायची त्यांची ऐपत होती का? मी शहरात नोकरी केली, पगार एक तारखेला मिळाला, तेव्हा ‘बोलायला हवं होतं’ हे मला पटकन म्हणता येतं. पाचशे रुपयांच्या कामावर घर चालवणाऱ्याला किती सचोटी परवडावी, हे बाहेरून ठरवणं म्हणजे त्याच्या ज्वाळांचा भाव त्याला न विचारता ठरवण्यासारखंच आहे. आणि तरीही त्या पोराचा प्रश्न चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. ज्याची कुवत नाही त्यानं गप्प बसावं हे एकदा मान्य केलं, की सगळ्या गावानं गप्प बसायची सोय होते. कारण कुवत कुणापाशीच नसते, विचारून बघा.

आप्पांचं मत वेगळं होतं आणि ते मी इथं नोंदवून ठेवतो. ते म्हणाले, पेंटरनं तीन ज्वाळा काढून गरिबाची गरिबी उघडी केली तेव्हा त्याला संकोच वाटला नाही. मग श्रीमंताचा गंज उघडा करताना कसला संकोच? आप्पा असं बोलायचे आणि विडी पेटवायचे. मला हे बोलणं अन्यायाचं वाटलं होतं. हल्ली तितकं वाटत नाही.

आता हातानं काढलेल्या ज्वाळा परत आल्या आहेत. मगरपट्ट्याकडची पोरं बुलेटच्या टाकीवर काढून घेतात, एका टाकीला जे पैसे देतात त्यात मामांनी चार मॅटॅडोर रंगवल्या असत्या. स्वस्त होतं ते महाग झालं आणि टेम्पोवाला स्टिकरवर राहिला. मामांचा हात आता कापतो. नंबरप्लेटीही सरकारी छापाच्या झाल्यामुळं तेही काम गेलं.

पण त्या पावसाळ्यानंतरचं सांगायचं राहिलं. त्या पोराला मामांनी नवीन दरवाजावर ज्वाळा काढून दिल्या, तीन, आणि पाचशे रुपये घेतले. मला वाटलं होतं फुकट काढतील. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, “फुकाट दिलं तर त्याला वाटंल मी दंड भरला.” पैसे घेतल्यावर त्यांनी त्याला खाली बसवलं, दरवाजाच्या तळाशी त्याचा अंगठा धरला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. दाराची खालची कड, फ्लोअरचा कोपरा, मडगार्डची आतली बाजू. पुट्टी असेल तर बोटानं वाजवल्यावर आवाज बसका येतो, पत्र्याचा मोकळा येतो. लोहचुंबक असेल तर पुट्टीवर धरत नाही.

ते त्या पोरानं आणखी कुणाला दाखवलं असणार. पुढच्या दसऱ्याच्या आधी लोक जुनी गाडी घ्यायच्या अगोदर ती मामांच्या दारात आणायला लागले. मामा काही बोलायचे नाहीत. विकणाऱ्याच्या देखत उकिडवे बसायचे, चार ठिकाणी अंगठा दाबायचे, उठायचे आणि हात पुसायचे. जिथं दाबलं तिथं घेणाऱ्यानं स्वतः दाबून बघावं, एवढाच त्यांचा सल्ला. त्याचे पैसे ते घेत नसत. त्या दसऱ्याला त्यांच्याकडं रंगायला नेहमीपेक्षा सहा गाड्या कमी आल्या. मामी मोजून होत्या, त्यांनीच मला सांगितलं.